वाचनालयाच्या बदल्यात

व्हर्ना स्टबलफील्ड बंदुकांना घाबरते असं म्हणणाऱ्याने तिच्या हातचं हरणाचं मांस कधी खाल्लेलं नसणार. दर नोव्हेंबरात ती वडिलांची रायफल घेऊन रानात जाते आणि ईस्टरपर्यंत आम्हा शेजाऱ्यांचे फ्रीझर भरून टाकते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या या गावात बंदूक नसलेलं घर सापडायचं नाही. हे आधीच सांगते, कारण राज्याच्या राजधानीतल्या शहाण्यांनी तिला भित्री पुस्तकी बाई ठरवून टाकलं आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

व्हर्ना आमच्या वाचनालयाची प्रमुख, मी तिच्या हाताखाली. पुस्तकं देणं-घेणं हे आमचं निम्मंच काम. उरलेलं काम म्हणजे म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर चालू करून देणं, पेपर वाचता वाचता घोरणाऱ्यांना हलवणं, आणि शुक्रवारी संध्याकाळी मुलं पोचती करणं. घटस्फोट झालेल्या जोडप्यांना आमचे न्यायाधीश सांगतात, आईने मूल वाचनालयात आणावं, बापाने तिथून न्यावं. का, तर आमच्या दारावर पाटी होती: आत बंदूक आणायला राज्याच्या कायद्याने बंदी. लोक ती पाळत. पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून, टोपी काढून आत येत.

लोरीनला या पाटीचा केवढा आधार होता! तिचा घटस्फोटित नवरा ड्वेन एकदा भांडणात स्वयंपाकघराच्या बंद दारातून गोळी झाडून बसला होता. दारामागे ती होती. चुकून सुटली म्हणाला, आणि कोर्टाने ते मानलं. त्यामुळे त्याच्या बंदुका त्याच्याकडेच राहिल्या, आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी जूनी दर शुक्रवारी त्याच्याकडे जायची ती आमच्या टेबलापासून, व्हर्नाच्या डोळ्यांदेखत.

मग राजधानीत नव्या कायद्याचा प्रस्ताव आला. परवान्याशिवाय कुणीही, कुठेही बंदूक बाळगावी. पण तो मंजूर व्हायला मतं कमी पडत होती. तेव्हा राज्याच्या सभागृहातले आमचे सिनेटर हॉलिस पेटिग्रू मध्यस्थीला बसले. हे आमच्याच चर्चमध्ये दर रविवारी पोरांना बायबल शिकवतात. कुठल्या जागी बंदी ठेवायची आणि कुठली उठवायची, यावर घासाघीस सुरू झाली.

सुनावणीला व्हर्ना स्वतः गेली. गाडी मी चालवली. वाटभर ती बोलायचं पाठ करत होती. तिथे प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतात, मग लाल दिवा लागतो आणि माईक बंद होतो.

"पाटी लागल्यापासून आमच्याकडे एकदाही वाकडं काही घडलेलं नाही," ती म्हणाली. "ती राहू द्या."

पेटिग्रू गोड हसले. "एकदाही नाही, मिस व्हर्ना?"

"एकदाही नाही!" बिचारी अभिमानाने म्हणाली.

"मग तिथे धोका नाहीच म्हणायचा."

ती उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर लाल दिवा लागला. मी मागच्या बाकावरून ओरडले, तर शिपायाने मला बाहेर काढलं.

पुढे सौदा ठरला तो असा. शहरातल्या सिनेटरांना बारमध्ये बंदी हवी होती. गावाकडच्यांना बंदीतून काहीतरी सुटलं असं मतदारांना दाखवायचं होतं. बारवाल्यांनाही ती हवीच होती, त्यांच्या संघटनेची माणसं रोज राजधानीत हजर. वाचनालयांची बाजू मांडायला कोण, तर दोन मिनिटांची व्हर्ना. बारची बंदी राहिली, वाचनालयाची उठली. आणि सिनेटर बसतात त्या घुमटाच्या इमारतीची? ती राहिली, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी हसत हात मिळवले. वर्तमानपत्राने समंजसपणाचं कौतुक केलं. मी तो पेपर वाचनालयाच्या कचऱ्यात टाकला, आणि पुन्हा टाकेन.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर जेवणाला पेटिग्रू ताट घेऊन रांगेत आले, तेव्हा बटाट्याच्या सॅलडचा डाव व्हर्नाच्या हातात होता.

"मिस व्हर्ना, रुसू नका हो. कायदा करायचा तर प्रत्येकाला थोडं थोडं सोडावं लागतं."

"तुम्ही काय सोडलंत, हॉलिस?"

"मी? अहो, महिनाभर नीट जेवलो नाही."

"तुमचं काय सोडलंत, ते विचारतेय. लोरीनची पोर सोडलीत. ती तुमची नव्हती. तुमच्या त्या घुमटाखाली का नाही चालत बंदूक?"

"ते वेगळं. तिथे वाद होतात, माणसं चिडतात."

"आणि घटस्फोटात काय, गाणी म्हणतात?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. पेटिग्रूंनी सॅलड न घेता ताट पुढे सरकवलं.

कायदा लागू झाला आणि पाटी उतरवायचा हुकूम आला. त्याच शुक्रवारी ड्वेन कमरेला पिस्तूल लावून आत आला आणि लहान मुलांच्या खुर्चीवर पाय पसरून बसला.

"ड्वेन, ते ट्रकमध्ये ठेवून ये," व्हर्ना म्हणाली.

"का? तुम्ही एवढं वाचता, नवा कायदा नाही वाचलात?"

लोरीन दारातच थिजली. तिने जूनीचा हात सोडला, कारण कोर्टाच्या हुकमाने सोडणं भाग होतं. तो गेल्यावर ती आमच्या बाथरूममध्ये जाऊन ओकली. तिचं तोंड मी पुसलं. सभागृहातल्या एकालाही ते पुसावं लागलं नाही.

व्हर्नाने सोमवारी न्यायाधीशांना गाठलं. माणूस भला. म्हणाले, "मी बंदी घालू शकत नाही. पण गावात जिथे अजून बंदी आहे अशी जागा सांगा, मी हुकूम बदलतो." शाळा आणि कोर्ट त्या वेळेला बंद. चर्चमध्ये आमच्या पाद्रीबाबांनी बंदूक आणायला आधीच परवानगी देऊन टाकलेली. राहिला बकचा बार.

आता दर शुक्रवारी जूनी तिथे असते, बिअरच्या फ्रीजशेजारच्या टेबलावर. बक तिला लिंबू सरबत देतो आणि टीव्हीचा आवाज कमी करतो. व्हर्ना गोष्टीची पुस्तकं घेऊन जाते, वाचनालय मी सांभाळते. ड्वेन पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून येतो.

गेल्या शुक्रवारी पेटिग्रू मित्रांबरोबर तिथे तळलेला मासा खायला आले. दारू पिणाऱ्यांच्या गराड्यात चित्र रंगवत बसलेली पोर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अरे देवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढ्याशा पोरीला इथे कुणी आणलं?"

व्हर्नाने पुस्तक मिटलं.

"तुम्ही, हॉलिस."