पहिली कॅसेट आणि गायकाचा पाय

आमच्या रॉक बँडची पहिली कॅसेट, स्वतःची नऊ गाणी, पनवेलच्या एका छोट्या स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्ड झाली. एरवी तिथे भजनं आणि हळदीची गाणी व्हायची. बाकीचे तिघे खांदा कॉलनीतले, शिकलेले. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, जासईच्या कंटेनर यार्डात वेल्डिंग करणारा. ड्रम माझ्याकडे. त्यांनी मला घेतलं हेच पुष्कळ होतं, आणि कधी काढतील ही धास्ती रोजची.

तालमीला जासईतल्या एका शेतकऱ्याचं गोदाम मिळालं होतं. तो म्हणायचा, "वाजवा रं तुमी. भाताच्या गोणी काय तक्रार करनार नाय."

एक गोष्ट मी दोन वर्षं लपवली होती. मला मात्रा मोजता येत नव्हत्या. गावात मिरवणुकीत हलगी शिकलो, तेव्हा पुढच्याच्या पायावर नजर ठेव, एवढंच सांगितलं होतं. इथेही मी गाताना ताल धरणाऱ्या आमच्या गायकाच्या उजव्या पायाकडे बघून वाजवायचो.

स्टुडिओत मला काचेमागच्या खोलीत एकट्याला बसवलं. हेडफोनमध्ये ताल धरायला नुसती टिकटिक. काचेतून गायक कमरेपर्यंतच दिसत होता. पहिलंच गाणं तीनदा कोसळलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मुंबईचा एक वादक ओळखीचा आहे. उद्या येऊन नऊच्या नऊ उरकेल."

गायक आत आला. "काय रे, ताप आहे का?"

घाम पुसत मी म्हणालो, "तुझा पाय दिसत नाही."

त्याला सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे दोन वर्षं तू माझा पाय बघतोयस? मला वाटायचं, लाजतोस म्हणून मान खाली!"

तो स्टूल घेऊन माझ्यासमोर बसला. इलेक्ट्रिक गिटार, अँपची वायर न जोडताच मांडीवर.

"पायाचे ठोके टेपवर येतील," रेकॉर्डिस्ट कुरकुरला.

"मग सतरंजी दे."

भजनवाल्यांची सतरंजी चौपदरी करून त्याच्या पायाखाली आली. टिकटिक बंद केली. त्या दिवशी चार गाणी झाली. तिसऱ्याची लय शेवटी जरा पळालीय, कॅसेटवर आजही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिस्टने पुन्हा विचारलं, "मुंबईला फोन करू का? अजून वेळ आहे."

गायकाच्या तोंडात वडापाव होता. त्याने नुसतं माझ्याकडे बोट केलं.

त्यांच्यात आजवर काही ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. मग पाचव्या गाण्याला बसलो.