एकट्याला वेगळं करताना
हैदराबादच्या बेगम बाजारात शहाजिऱ्याचं पोतं उघडलं की मला आमची प्रयोगशाळा आठवते. एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेले दोन रेणू. एकाला शहाजिऱ्याचा वास, दुसऱ्याला पुदिन्याचा. त्यांचं मिश्रण मशीनच्या कॉलममधून, म्हणजे पावडर भरलेल्या नळीतून, सोडून दोघांना वेगळं करायचं होतं, आणि संध्याकाळी मशीन दुसऱ्या टीमला जाणार होतं. मी नळीतून वाहणारा द्रव बदलला, वेग कमी केला, तरी आलेखावर दोघांची दोन शिखरं येण्याऐवजी शिखर एकच. हटायचं नाही म्हणून पुन्हा बाटली उघडली, तर वास नुसता शहाजिऱ्याचा! सकाळपासून मी चुकीच्या बाटलीशी झुंजत होतो. शेजारचा सहकारी खिदळला, "मियां, अकेले को कित्ता अलग करते?" मी मिश्रणाची बाटली घेतली. दुसरी टीम दारात उभी असताना दोन शिखरं लख्ख वेगळी उमटली. आता नव्या मुलांना मी तोच आलेख ऐटीत दाखवतो. सकाळचे आलेख अजून कुणी मागितलेले नाहीत.