टँकात उतरलेली वेणी

माझं माहेर बीडजवळच्या पालीचं. धरण हाकेच्या अंतरावर, पण पोहायचे ते भाऊ. मी काठावर बसून त्यांचे कपडे राखायची. ‘पोरीच्या जातीला कशाला पाहिजे पाणी’ असं म्हणणारे सगळे प्रेमाचेच लोक होते, त्यामुळे राग काढायलाही कुणी सापडलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर कंबर धरली आणि बीडच्या डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी पोहायला सांगितलं, तेव्हा मला दुखण्याचा चक्क आनंद झाला.

शहरातल्या स्विमिंग टँकवर सकाळी बायकांची बॅच असते. सुरुवातीला मी नुसता कठडा धरून पाय मारायची. मग एके दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी पाठीखालचा हात कधी काढून घेतला ते कळलंच नाही. मी पाण्यावर उताणी, वर आभाळ, कानात पाणी, घरातली एकही हाक ऐकू येत नाही. ‘टँक सोड’ असं कुणी म्हटलं तर भांडायचं, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

आणि म्हटलंच. सासूबाईंनी.

माझे केस कमरेखाली येतात. उगवतात माझ्या डोक्यावर, पण मालकी सासूबाईंची. लग्न होऊन आले तेव्हापासून दर रविवारी दारापुढच्या ओट्यावर मला पुढ्यात बसवून त्या तेल लावतात, वेणी घालतात आणि आठवडाभराचं साठलेलं बोलून घेतात. आमची निम्मी भांडणं त्या फणीखालीच मिटलेली आहेत.

टँकच्या औषधाच्या पाण्यानं थोड्याच महिन्यांत त्या केसांचा पार कडबा झाला. टोपी घालत होते, पण कोरड्या केसांवर. आणि घरी आल्यावर स्वयंपाक उरकेपर्यंत बुचडा तसाच ओला राहायचा. त्यात केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. सासूबाई विंचरलेला गुंतवळ पिशवीत साठवतात आणि तिच्याकडून कधी वाटी, कधी डबा घेतात. तिनं माझा गुंतवळ बोटांत ओढून पाहिला, तो तुटला आणि तिनं पिशवी परत केली. साऱ्या गल्लीदेखत नाक कापलं गेल्यासारखं सासूबाईंना झालं.

“कंबर ऱ्हाऊ दे तशीच. पाणी बंद कर,” त्या म्हणाल्या.

“अशी कशी राहू देऊ? कंबर माझी आहे, आत्याबाई.”

“आन् केस?”



शेवटी तह झाला. पाण्यात जायचं तर तेल लावून जायचं आणि तेल त्याच लावणार. आमच्याकडे टाळू भिजून कानामागून ओघळ आले, तरच तेल लावलं असं म्हणतात. त्यांनी घाण्याचं करडीचं तेल कोमट करून वाटीभर जिरवलं, वर टोपी चढवली. टँकात डोकं पाण्याखाली घातलं मात्र, टोपी सुळकन निसटली आणि माझ्यापेक्षा बरी पोहायला लागली. मागोमाग तेलाचा तवंग. शेजारची बाई म्हणाली, “आता ह्यात कांदा तेवढा चिरून टाका.” मॅडमनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः भांडायला टँकवर आल्या.

“डोस्क्याला तेल लावलं तर काय चोरी केली का वो? कोरड्या डोस्क्यानं का म्हनून जावं पान्यात?”

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. “आजी, लावा की तेल, पण शेंड्यांना, चार थेंब. त्याआधी केस नळाखाली चिंब करायचे. कोरडा केस टँकचं पाणी पितो, भिजलेला तेवढं पीत नाही. मग टोपी घालायची आणि बाहेर आलं की लगेच साध्या पाण्यानं धुवायचे.”

“म्हंजी पंगतीला घरून जेवून जायचं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना पटलं होतं. “आन् हे जे खराब झालेत, त्येचं काय?”

“तेवढे कापावे लागतील. ते काही दुरुस्त होत नाहीत.”

रिक्षात घरी येईपर्यंत त्या माझी वेणी मांडीवर घेऊन बसल्या.

रविवारी ओट्यावर बसले तेव्हा माझी भांडायची सगळी तयारी विरून गेली होती. इतक्या वर्षांच्या त्यांच्या मायेला कात्री लावायची माझी छाती होईना. “नका कापू, आत्याबाई,” मी म्हटलं, “मी टँक सोडते.” खरं तर मला टँक अजिबात सोडायचा नव्हता.

फणी थांबली. त्या पुढे येऊन बसल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान माझ्यापुढे वाकवली. टाळूवर मधोमध वाटीएवढं टक्कल. ते मी आजवर वयाचं समजत आले होते.

“हितं उसाची मोळी बसायची,” त्या म्हणाल्या. सासूबाई तरुणपणी ऊसतोडीला जायच्या, हे मला माहीत होतं; एवढं माहीत नव्हतं. “गाडी भरायची म्हंजी मोळ्या डोस्क्यावरच वाहायच्या. चुंबळ ठिवली तरी केस काय ऱ्हातेत? तवाच ठरवलं, सुनंचे असे जाऊ द्यायचे न्हाईत.”

त्यांनी आत जाऊन कात्री आणली आणि पुन्हा माझ्या पाठीशी बसल्या.

“पन माझे वझ्यानं गेले,” त्या म्हणाल्या. “तुझे हौसंनं चाललेत. जाऊ दे.”

वीतभर केस ओट्यावर पडले. मी रडत होते.

“रडू नको, डोस्कं हलतंय,” त्या म्हणाल्या. “तिरपं कापलं गेलं तर उद्या टँकावर समद्या बाया हसतील.”