हरभऱ्याच्या झाडावर चौकशीबाई

बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या त्या बाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, चहावाला, सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. घरी नवराही म्हणायचा, "चौकशीबाई, आज जेवायला काही आहे, की पुढची गाडी बघू?" आणि मग वर दोन शब्द ऐकून घ्यायचा.

तोंड भलतं फटकळ. "दुपारची गाडी कितीला?" असं कुणी विचारलं की आधी "दुपारी" म्हणणार. मग "पाटीवर लिहिलंय, डोळे घरी विसरलात का?" आणि एवढं झाल्यावर वेळ, फलाट, आणि ती गाडी कधीच वेळेवर सुटत नाही, तेव्हा आधी पोटात काहीतरी ढकलून घ्या, हेही सांगणार. शिव्या खाऊनही माणूस योग्य गाडीत बसायचा, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

खिडकीला जाड काच होती आणि काचेला खाली अर्धगोल भोक. माणूस यायचा, वाकायचा, भोकाशी तोंड नेऊन विचारायचा, कान लावून ऐकायचा आणि पळायचा. मान वर करून काचेतून बघायची कुणाला गरज पडते? निम्म्या शहराला बाईंचा आवाज पाठ होता आणि चेहरा विचाराल तर चहावाल्याला सोडून कुणालाच सांगता आला नसता. घरीही तीच गत. थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि त्या घराण्यातल्या अधिकृत सुंदरी. बाई उंच, हात स्थिर, म्हणून घरातल्या समारंभात कॅमेरा यांच्या हातात. जाऊबाईंचे चार अल्बम भरले. बाईंचा म्हणाल तर ओळखपत्रावरचा फोटो, आणि तोही पोलिसांनी शोधायला लावावा असा.

तर अशा बाईंच्या खिडकीशी एक दिवस गॉगल डोक्यावर चढवलेला एक तरणाबांड गडी आला.

"कुठली गाडी?"

"गाडी नाही मॅडम. तुम्ही."

"मी कुठं जात नाही. लवकर बोला, मागे रांग आहे."

तो वाकला नाही. काचेतून सरळ बघत म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखा चेहरा मी दहा वर्षांत पाहिला नाही."

मागचा माणूस ओरडला, "अहो, आटपा की!" आणि बाईंनी, ऐका हं, बाईंनी त्यालाच दटावलं, "थांबा हो जरा, गाडी काय पळून चाललीय?"

गडी मॉडेलिंगच्या एजन्सीचा होता. म्हणे हल्ली जाहिरातींना खरी माणसं लागतात, पांढऱ्या केसांना तर तोबा मागणी आहे. भोकातून एक गुळगुळीत कार्ड आत सरकवून तो गेला. बाईंनी ते कार्ड दिवसभर पाटीमागे लपवलं आणि अधूनमधून काढून बघितलं. त्या दिवशी दोन म्हाताऱ्या चुकीच्या गाडीत बसल्या.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवऱ्याच्या नाकातून चहा आला. जाऊबाई खाली साखर मागायला आल्या होत्या, त्या साखर विसरून म्हणाल्या, "अगं, तुझा फोटो? छापणार कशावर, डासांच्या अगरबत्तीवर? नुसता बघूनच मरायचे गं बिचारे!"

"जाऊबाई, तुमच्या तोंडात ती साखर पडो," बाई म्हणाल्या. "मी जाणार."

खरं सांगायचं तर बाईंना प्रसिद्धीची हाव नव्हती. या वयात नटव्या होण्याचीही हौस नव्हती. कुणीतरी आपल्याकडे काचेतून बघितलं आणि बघून थांबलं, ते खरं असावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते इतकं हवं होतं की छातीत दुखावं.

एजन्सीचं ऑफिस एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. समोरासमोर दोन दारं. एकावर दातांच्या डॉक्टरांची पाटी, दुसऱ्यावर यांची, सोनेरी अक्षरांत. आत भिंतभर हसरे चेहरे. बाई वाट बघत बसल्या होत्या, त्यांच्या अगदी समोरच्या सुंदरीच्या हनुवटीत दोन बारीक भोकं होती. मासिकाच्या मधल्या पानाला पिना असतात ना, त्या काढल्यावर राहतात तशी. बाईंनी ती पाहिली. पाहिली आणि मान दुसरीकडे फिरवली.

मग डायरेक्टरसाहेबांनी आत बोलावलं. बोलणं असं, की ऐकताना कानात मुंग्या लागाव्यात. बाईंचं नाक म्हणे राजघराण्यातलं. बाईंच्या सुरकुत्या म्हणे कविता. पुढे आलेला दात? अहो, तीच तर ओळख!

बाई हरभऱ्याच्या झाडावर चढत होत्या, पण चढता चढता खाली बघायची सवय जात नव्हती. इतकी वर्षं खिडकीत काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. ज्याला खरंच गाडी पकडायचीय तो प्रश्न विचारून जीव खातो. फलाट कुठला, थांबे किती, मधे लघवीला थांबते का, नक्की ना, परत सांगा. आणि जो काहीच न विचारता गोड हसत रांगेजवळ रेंगाळतो, तो खिसेकापू. हा डायरेक्टर काहीच विचारत नव्हता. उंची नाही, पायाचं माप नाही, सुट्टी कधी असते तेही नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "पैसे रोख देणार का?"

कारण आधी फोटोंचा संच काढायला हवा, तो यांच्याच स्टुडिओत. त्याची फी बाईंच्या दोन पगारांएवढी. पहिल्याच कामात वसूल! पण आज भरली तरच, कारण उद्या परदेशी कंपनीची माणसं येणार आणि एकच जागा उरलीय.

स्टँडबाहेर जीपवाले रोज हेच ओरडतात. "एकच सीट, एकच सीट!" आणि आत डोकावून बघावं तर रिकामी जीप, ड्रायव्हरसुद्धा चहाला गेलेला.

बाईंनी तरी विचारून बघितलं. "कुठली कंपनी?"

"मोठमोठ्या कंपन्या, मॅडम."

"फोटो कधी छापणार?"

"लवकरच."

"कुठं?"

"सगळीकडे!"

अशी उत्तरं बाईंनी खिडकीतून दिली असती तर लोकांनी काच फोडली असती.

म्हणजे सगळं कळलं होतं. आणि आता तुम्हाला वाटेल, बाई उठल्या असतील, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून निघाल्या असतील. छे! बाईंनी पर्सची चेन उघडली. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, ते उगाच नाही. हे सगळं खोटं म्हणायचं तर "तुमच्यासारखा चेहरा" हेही खोटं म्हणावं लागणार, आणि त्याला मन तयार नव्हतं. बाईंनी डोळ्यांवर कातडं ओढलं आणि पाकीट बाहेर काढलं.

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. डोक्याभोवती मफलर बांधलेला, उजवा गाल भोपळ्यासारखा सुजलेला, डोळा त्या सुजेत गडप. बिचारा समोरचं दार समजून इकडे शिरला होता. पण डायरेक्टरला वाटलं, गॉगलवाल्याने आणखी एक धाडला. तो ताडकन उठला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला,

"या, या! तुमच्यासारखा चेहरा मी दहा वर्षांत पाहिला नाही!"

माणूस कळवळून म्हणाला, "डाट... डाट काधायचाय..."

"आणि आवाज! आवाज तर अगदीच वेगळा!"

बाईंना आधी हसू फुटलं. असं फुटलं की टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याला धक्का लागला. मग त्यांनी पाकीट पर्समध्ये टाकलं, चेन ओढली आणि त्या माणसाचं कोपर धरलं.

"दातांचे डॉक्टर समोरच्या दाराला. इथं फक्त उपटतात, आणि दात सोडून सगळं."

"मॅडम, ऑफर फक्त आजचीच आहे हं!"

"मग आजच चुलीत घाला."

त्या माणसाला डॉक्टरच्या दारात सोडलं, आणि जिन्यात बाई मटकन खाली बसल्या. हसू कुठल्या कुठं गेलं. पैसे वाचले याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्या रडल्या. चोराने लुबाडलं नाही म्हणून काय झालं, एक वाक्य दिलं होतं तेही परत काढून घेतलं आणि सुजलेल्या गालाला देऊन टाकलं. फार वाईट वाटलं. आपण मूर्ख ठरलो याचं थोडं, आणि आपण कुणालाच दिसलो नव्हतो याचं जास्त.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. चमच्याने रिकामा कप ढवळत म्हणाला, "मला तू बरी वाटतेस."

"बरी?"

"म्हणजे... चांगली बरी."

"राहू द्या. जीभ चावली जाईल."

"अगं, पण खोटं कळलं तर मग खरं कुठं मिळतं ते विचार की! जन्मभर लोक तुला विचारतात. एकदा तू विचार."

हे बाईंना पटलं. नवऱ्याचं काही पटायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोघंही जरा घाबरले.

दुसऱ्या दिवशी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती चिकटवणारा आला, तेव्हा बाई खिडकी बंद करून बाहेर आल्या. "ही माणसं कुठनं आणतात? यांचे फोटो कोण काढतं?" त्याला माहीत नव्हतं, पण छापखान्याला माहीत होतं. छापखान्याने स्टुडिओ सांगितला. चार ठिकाणी विचारून बाई तिथं पोचल्या, आणि या खेपेला नवऱ्यालाही सोबत नेलं.

स्टुडिओतल्या बाईने चष्मा कपाळावर ढकलला आणि चौकशीबाईंकडे बघत राहिली. उठवलं, बसवलं, फिरवलं. मग म्हणाली, "नाक वाकडं. दात पुढं. डोळ्यांखाली पिशव्या. चालेल."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पुढे प्रश्नांची अशी सरबत्ती सुरू झाली की रागवायला सवडच मिळेना. केस रंगवता का? मेकअपने अंगावर पुरळ येतं का? चपलेचं माप? रजा कधी मिळते? किती वेळ उभ्या राहू शकता? मलमाच्या दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत आहात का? गुडघा दुखतो का?

"फी किती भरायची?" बाईंनी दबकत विचारलं.

"कसली फी? आम्ही तुम्हाला देणार. करार घरी न्या, नीट वाचा, वाचून कुणाला तरी दाखवा. घाई नाही. फोटोच्या दिवशी साहेबांना आणायचं तर जरूर आणा, फक्त त्यांना मधे बोलू देऊ नका."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. इतका व्यवस्थित अपमान आणि इतके प्रश्न! ही स्टुडिओवाली नक्की गाडी पकडायलाच आली होती.

काम होतं गुडघ्याच्या मलमाचं. दोन फोटो, 'आधी' आणि 'नंतर'. चौकशीबाई 'आधी'.

"आणि 'नंतर' कोण?"

"ती दुसरी आहे. दिसायला छान आहे."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी करार घरी नेला, शेजारच्या वकिलाला दाखवला, दोन जागी प्रश्न काढले, उत्तरं आली तेव्हा सही केली.

फोटोच्या दिवशी बाईंनी आधी भयंकर विव्हळून दाखवलं. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, नाटक नको." बाई म्हणाल्या, "आजी असेल तुझी मावशी!" आणि तो हसला, आणि बाईंनी दमून खुर्चीची पाठ धरली. गुडघा खरंच दुखायला लागला होता. त्याने तेवढ्यात फोटो काढला.

महिन्याभराने जाऊबाई जिना उतरून आल्या. या वेळी साखरेची वाटी नव्हती, हातात औषधाच्या दुकानातला रंगीत कागद होता.

"अगं, ही तू? किती म्हातारी दिसतेस गं! किती दमलेली दिसतेस! नाकसुद्धा वाकडं दिसतंय. निदान जरा हसायचंस तरी!"

बाई भाजी चिरत होत्या. विळीवरून मान वर केली. "दिसते ना पण?"

जाऊबाई विळीसमोर टेकल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. मग बाजूला केला आणि समोर बसलेल्या धाकट्या जावेकडे बघितलं. चांगला वेळ घेऊन बघितलं.

"दिसतेस," त्या म्हणाल्या.