गरम झाल्यावर

आमच्या रोपवाटिकेची पिकअप गरम झाली की उभ्या उभ्या बंद पडायची. तीनदा सकाळीच गॅरेजला नेली, तिन्ही वेळा शहाण्यासारखी चालली. मिस्त्री म्हणाले, "थंड गाडी काही सांगत नाही. तासभर फिरवून आणा."

फिरवून आणली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. गाडी थरथरली, बंद पडली.

"आता बोलली," ते म्हणाले. एक रबरी नळी चिरली होती. तापली की चीर उघडायची.

आई गेल्यापासून मी वडिलांना, अण्णांना, रोज सकाळी फोन करतो. ते "बरंय" म्हणतात. आज दिवस कलल्यावर केला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.