पुलावर मीठ टाकलंय, असं मी सांगितलं

"पुलावर मीठ टाकलंत का?" फोनवर हेर फोग्ट होते, हेर म्हणजे श्रीयुत. वय एकोणऐंशी. त्यांची बायको हेल्गा ओढ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात असते. रोज दुपारी तीनला तिच्याबरोबर कॉफी प्यायला ते पायपूल ओलांडून जातात.

"या, या, शोन गेमाख्ट!" मी म्हणाले. म्हणजे हो, झालंय.

झालेलं नव्हतं.

मी जर्मनीत टाउनुसच्या डोंगरातल्या एका लहान गावाच्या बाउहोफमध्ये काम करते. बाउहोफ म्हणजे नगरपालिकेचा रस्ते-बागा सांभाळणारा डेपो. मूळची सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअर. मशिन्स मी बघते. हिवाळ्यात फोन आणि गाड्यांचं कोऑर्डिनेशनही माझ्याच गळ्यात. त्या दुपारी ब्लिट्सआइस होतं. यात पाऊस जमिनीला लागताक्षणी गोठतो आणि रस्ता नुसता ओला दिसतो. पुलाचं तर विचारूच नका. रस्त्याला खालून जमिनीची थोडी ऊब असते. पुलाला वरूनही गार वारा, खालूनही. म्हणून तो सगळ्यांत आधी गोठतो, आणि बर्फ वितळवायला मीठ तिथेच आधी टाकावं लागतं.

हे सगळं मला पाठ आहे. तरी बोलले. कारण आमचा ट्रॅक्टरवाला येन्स मागच्याच गल्लीत होता, पाच मिनिटांत पुलावर पोचणार होता. आपण नाही का, भाजी अजून शिजत असताना "झालंच!" म्हणतो? घरात चप्पल शोधत "पोचलेच!" सांगतो? ऐकणाराही समजून घेतो, अजून वेळ आहे. जर्मन माणूस झालं म्हणजे झालं समजतो आणि बूट घालतो.

तेवढ्यात येन्सचा फोन. "मीठ टाकायच्या यंत्रात गोळा अडकलाय. वीस मिनिटं लागतील."

तेव्हाच हेर फोग्टना परत फोन करायला हवा होता. केला नाही. आत्ताच हो म्हटलं, आता नाही कसं म्हणायचं? होईल काहीतरी, म्हटलं. झालंच. ते पुलाच्या मधोमध पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेफिन, म्हणजे बॉस, फ्राऊ ब्रांट यांनी स्ट्रॉइबुख उघडलं. कुठे किती वाजता मीठ टाकलं याची ही नोंदवही. कोणी पडलं तर कोर्टात हाच पुरावा.

"येन्स, इथे तीन पंचवीस लिहिलंयस. फोग्ट म्हणतात, तीनच्या आधीच बाउहोफने पूल झाल्याचं सांगितलं. मग तू काय कळवलं होतंस?"

"अडकलोय, असं कळवलं होतं."

"कोणाला?"

येन्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कॉफी ढवळत बसले. कॉफीत साखर नव्हती, दूध नव्हतं.

"खोटं सांगितलं असशील तर आबमानुंग मिळेल," त्या येन्सला म्हणाल्या. म्हणजे लेखी ताकीद, नोकरी जाण्याच्या आधीची पायरी.

तेव्हा कुठे माझी जीभ हलली. "फोग्टना मी सांगितलं. येन्सने मला वेळेवर कळवलं होतं."

ताकीद मला मिळाली, रास्तच होती. येन्स बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "बराच वेळ घेतलास." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुलं घेऊन हॉस्पिटलात गेले. हेर फोग्टनी चांगलं झापलं असतं तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही 'अजून नाही' म्हणाला असतात ना, तर मी घरीच थांबलो असतो. उशीर झाला तर हेल्गा रागावत नाही. तिला वेळ कळत नाही आता. नुसती विचारते, तो कुठाय?"

"मग तिला काय सांगतात?"

"नर्स सांगते, निघालाय, येईलच इतक्यात."

मला तिथे उभं राहवेना. लाज वाटली. अजून वाटते.

'नोख निश्ट', अजून नाही. जर्मनच्या पहिल्या पुस्तकातले हे दोन शब्द. फोनवर ते म्हटले की लोक थोडे चिडतात, पण घरात थांबतात.