गोदीच्या डोहाळ्यांसाठी अकोल्याला नेलेलं शेवाळ

अकोल्याहून निरोप आला: गोदीला दिवस गेलेत, अन्न जात नाही, आणि तिला आपल्या खडकावरचं हिरवं शेवाळ हुंगायचंय. माझ्या धाकट्या बहिणीचे डोहाळे! आईने ओहोटीला स्वतः शेवाळ खरवडलं, वाळवलं आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तिच्या पोटात काही गेलं की मगच परत ये," म्हणाली.

मचव्याने मुंबई, आगगाडीने कसारा, घाट बैलगाडीने, मग पुन्हा आगगाडीने भुसावळ. पुढचे रूळ अजून पडताहेत, म्हणून परत बैलगाडी. जाणार असाल तर घोंगडी जवळ ठेवा. भाकरी-ठेचा वाटेत कुठेही मिळतो, पण ठेचा बेताने घ्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला असा भाव आलाय की बैलांच्या शिंगांवर चांदी चढलीये. आणि ती काळी जमीन! नजर पोचेल तिथवर पांढरी फुटलेली. समुद्र सोडला तर इतकं अफाट मी काही पाहिलंच नव्हतं.

गोदीची पार काडी झाली होती. शेवाळ पाण्यात टाकलं, तसं ते उलगडून पुन्हा हिरवंगार झालं. खोलीभर आमचा किनारा! माझा ऊर भरून आला. गोदीने हुंगलं आणि तोंडाला पदर लावून पळाली.

"दादा, ने ते! लय वास येऊन राहिला!"

मी हिरमुसलो. आता आईला काय सांगू?

"भाऊ, तिले आता तळ्यातलं पायजे," तिची सासू म्हणाली. "आमच्यात ते कोणी खात नाही, अन् हे पोरगी कच्चंच खाऊन राहिली! चला, पाहा."

तळ्यावर चक्क लाजाळू तरंगत होतं! पांढरे फुगीर देठ, पिवळे गोंडे, चपट्या शेंगा. बोट लावलं की पानं मिटायची. आमच्या शेवाळाला ना मूळ, ना फूल. ते अख्ख्या अंगाने समुद्र पितं आणि हात लावला तर निसटतं. दोन्ही पाण्यातलीच, दोन्ही हिरवी, पण हे शेंगा धरणारं, तुरीच्या गोतातलं. मी तोंडात बोट घालून बघतच राहिलो. गोदी कोवळे शेंडे खुडून खात होती. घरी येऊन तिने अर्धी भाकरीही खाल्ली.

गावी परतलो, तर आईने दारातच विचारलं, "हुंगलं का तिने?"

मी खरं ते सांगितलं. ती जेवली, हेही सांगितलं. मी तळ्यातल्या त्या वेलीचा वाळलेला पांढरा देठ तिच्या हातावर ठेवला. तिने तो बराच वेळ हुंगला.

"कसलाच वास नाही रे याला," म्हणाली, आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.